ट्रेलरवर वेल्डिंग करायचंय, मग वायरिंग, एबीएस आणि दिवे कसे वाचवायचे? वाचकांचे प्रश्न

चासीला तडे जाण्याबद्दल मागे या सदरात लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांमधे बरेचसे एकाच काळजीचे निघाले, की तडा भरून निघेल पण त्या नादात इलेक्ट्रिकचं काही जळणार तर नाही ना. काळजी अगदी रास्त आहे म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतोय.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्या दोन एक्सलच्या ट्रेलरला मागच्या एक्सलच्या वर क्रॉस मेंबर (चासीतला आडवा दांडा) चासीला जिथे जोडलाय तिथे तडा गेलाय. वेल्डर म्हणतो बॅटरीची निगेटिव्ह काढली की झालं, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. पण ट्रेलरला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि दिवे सगळे एलईडी आहेत, मला भीती वाटते. नक्की काय काय काढायचं?

उत्तर : नमस्कार. बॅटरीची निगेटिव्ह काढणं बरोबरच आहे पण तेवढ्यावर थांबू नका. आधी कारण समजून घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी वेगळं सांगितलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

वेल्डिंगचा करंट मशिनमधून निघतो, होल्डरमधून रॉडमधे, रॉडमधून आर्कमधे, आर्कमधून लोखंडात आणि लोखंडातून अर्थ क्लॅम्प (लोखंडाला लावायचा परतीच्या केबलचा चिमटा) पकडून परत मशिनमधे. तुमच्या बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही, जमिनीत जायचीही त्याला गरज नाही, त्याला फक्त आपल्या मशिनकडे परत जायचंय, आणि परत जाताना तो एकाच रस्त्याने जात नाही, जितके रस्ते उघडे सापडतील तितक्या सगळ्यांतून वाटून जातो, सोप्या रस्त्याने जास्त आणि अडचणीच्या रस्त्याने कमी. आता ३.१५ एमएमच्या रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअर लागतात. दिव्याची अर्थची, म्हणजे परतीची वायर असते एक-दीड स्क्वेअर एमएमची, तिची ताकद दहा-पंधरा अँपिअरची. क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावलेला असला, नुसता टेकल्यासारखा, तर या १३० मधला थोडा हिस्सा जरी त्या वायरीने निघाला तरी ती आतून भाजते. आणि बॅटरी काढलेली असली तरी भाजते, कारण तो करंट बॅटरीचा नाहीच.

एबीएसचं म्हणाल तर त्याचा कंट्रोल बॉक्स चासीला एका जागी बोल्ट केलेला असतो, त्याची अर्थ प्लगमधून दुसरीकडे गेलेली, आणि सेन्सर तिसरीकडे चाकाच्या हबमधे. म्हणजे एकच वस्तू चासीच्या तीन ठिकाणांना वायरीने बांधलेली आहे. चासीमधून शंभर अँपिअर धावत असताना या तीन ठिकाणांच्या व्होल्टेजमधे फरक पडतो, बोल्टचे जोड गंजलेले असले तर चांगलाच पडतो, आणि तो फरक थेट बॉक्सच्या आतल्या नाजूक सर्किटवर येतो. शिवाय रॉड टेकताना आणि उचलताना करंट एकदम चढतो, एकदम पडतो, त्या झटक्याने शेजारून जाणाऱ्या वायरींमधे न चिकटताही व्होल्टेज उठतो.

म्हणून माझा क्रम सांगतो, आणि तो मी एका टाक्यासाठीसुद्धा मोडत नाही. ट्रेलर पुढच्या गाडीपासून पूर्ण सोडवायचा, म्हणजे दिव्यांचा प्लग काढायचा, एबीएसचा वेगळा प्लग असतो तो काढायचा, आणि जमत असेल तर कपलिंगमधूनही सोडवून पुढची गाडी दोन हात लांब न्यायची, कारण प्लग काढले तरी किंगपिन किंवा बॉल कपलिंगचं लोखंड लोखंडाला लागलेलं असतं आणि पुढच्या गाडीत तर आणखी महागडे कंट्रोल बॉक्स बसलेत. त्याआधी चाकांना ओट (घरंगळू नयेत म्हणून ठोकळे) लावायला आणि लँडिंग लेग नीट टेकवायला विसरू नका. मग ट्रेलरवर स्वतःची बॅटरी असेल तर आधी तिची निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह, दोन्ही काढायच्या. मग एबीएस बॉक्सचे सगळे प्लग. मग हबजवळच्या सेन्सरचा वायरीतला जोड, सेन्सर हबमधून उपसायची गरज नाही, नुसता जोड सोडला तरी पुरे. आणि वेल्डिंग जिथे आहे त्याच्या जवळपासच्या एलईडी दिव्यांचे प्लग. प्लग काढताना लॉक दाबून प्लगची बॉडी धरून ओढा, वायर धरून ओढू नका. प्रत्येक उघड्या प्लगला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, कारण नंतर ग्राइंडर चालणार आणि त्याची लोखंडाची भुकटी पिनांमधे जाऊन बसली की महिन्या-दोन महिन्यांनी गंजून त्रास देते, आणि तोवर वेल्डिंगचा आणि त्या बिघाडाचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थ क्लॅम्प, वरचं सगळं केलं आणि हे चुकलं तर काही उपयोग नाही. क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर, फार तर हातभर अंतरावर, आणि ज्या लोखंडाला वेल्ड करताय त्याच लोखंडावर लावायचा. ती जागा ग्राइंडरने पांढरी चकचकीत करून घ्या, रंग, ग्रीस, गंज काहीही नको. क्लॅम्प आणि वेल्ड यांच्यामधे बिजागरी, पाटे, शॅकल, बोल्टचा जोड किंवा बेअरिंग यातलं काहीही येता कामा नये. नवीन पट्टी किंवा ब्रॅकेट लावताय आणि तो अजून चासीला नीट टेकलेला नाही, तर आधी सी-क्लॅम्पने घट्ट आवळा, नाहीतर त्या तुकड्यावर मारलेल्या आर्कचा करंट दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याने घरी जाईल. तुमचं काम एक्सलच्या वर आहे, म्हणून मुद्दाम सांगतो, क्लॅम्प एक्सलला, हबला किंवा चाकाच्या नटाला लावू देऊ नका. करंट बेअरिंगमधून गेला की रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) यांच्यामधे बारीक बारीक ठिणग्या पडतात. असं एक बेअरिंग मी धुऊन हातात घेतलं होतं, लांबून ते नव्यासारखंच दिसत होतं, पण रेसवरून नख आडवं फिरवलं तर टक टक टक असं लागत होतं, जवळ धरून उजेडात पाहिलं तर पत्र्याच्या नालीसारख्या बारीक रेघा एकाशेजारी एक उमटलेल्या. असं बेअरिंग आधी घरघर करतं, मग गरम होतं, आणि रस्त्यात चाक घेऊन बसतं.

तडा टायरच्या वर आहे म्हणून अजून एक, टायर आणि वायरींवर फायर ब्लँकेट टाका, हवेचे नायलॉन पाइप जवळ असतील तर क्लिपा सोडून बाजूला ओढून बांधा. आणि चाकाच्या रिमवर टायर चढवलेला असताना वेल्डिंग कधीही करायचं नाही, हवा काढलेली असली तरी नाही, आतला रबर तापून गॅस होतो आणि टायर फुटतो, माणसं गेलीत त्यात.

प्रश्न : आमचा छोटा ट्रेलर आहे, त्याला एबीएस नाही आणि गाडीपासून सोडवूनच वेल्डिंग करणार आहोत. मग तर काही काढायची गरज नाही ना?

उत्तर : धोका कमी होतो पण संपत नाही. एकदा दांड्याजवळ नीट बघा, इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरवर बऱ्याचदा एका छोट्या डब्यात ब्रेकअवेची बॅटरी असते, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी, ती लोक हमखास विसरतात. तिच्या दोन्ही वायरी काढा आणि वेल्डिंग जवळ असेल तर बॅटरीच उचलून लांब ठेवा, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. एलईडी दिवे असतील तर त्यांचे प्लग काढा, जुने बल्बचे दिवे असतील तर बल्बला फारसं काही होत नाही पण वायरी तर त्यालाही आहेतच. आणि क्लॅम्पचा नियम ट्रेलर केवढाही असला तरी तोच.

प्रश्न : दादा, मागच्या आठवड्यात ट्रेलरच्या मागच्या बंपरला वेल्डिंग करून आणलं, तेव्हापासून डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा पण मंद लुकलुकतो, आणि एबीएसची लाइट जातच नाही. वेल्डर म्हणतो वेल्डिंगचा काही संबंध नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : एक दिवा लावल्यावर दुसरा मंद पेटतो याचा अर्थ जवळपास नेहमी एकच असतो, अर्थची वायर गेली. इंडिकेटरच्या करंटला परत जायला आपली वायर मिळत नाही म्हणून तो ब्रेकच्या दिव्यातून उलटा शिरून वाट काढतो. त्यामुळे नवीन दिवे आणायची घाई करू नका, आधी अर्थ शोधा.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, ट्रेलरचा प्लग गाडीला जोडा, दिवा चालू करा. काळी प्रोब गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला (वायर पुरत नसेल तर एक लांब वायर जोडून घ्या) आणि लाल प्रोब त्या दिव्याच्या अर्थच्या पिनला. दिवा पेटलेला असताना ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थ चांगली, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मधे कुठेतरी जळलंय, गंजलंय किंवा सुटलंय, मग लाल प्रोब गाडीच्या दिशेने एकेक जोड पुढे सरकवत जा, जिथे आकडा एकदम पडेल तिथे बिघाड. बंपरला वेल्डिंग झालंय म्हणताय तर मागच्या दिव्यांची अर्थ जिथे चासीला बोल्ट केलीय ती रिंग आधी उघडा. मी पाहिलेल्या अशा बऱ्याच केसमधे वायर बाहेरून धड दिसते, पण रिंगजवळ वीतभर भाग हाताला कडक लागतो, प्लास्टिकचा रंग तपकिरी झालेला असतो आणि वाकवलं की पापडासारखं कवच तुटून आतली तांब्याची तार काळी पडलेली दिसते. तेवढा भाग कापून नवीन वायर जोडा, पण त्या वायरीसोबत एकाच टेपमधे गुंडाळलेल्या शेजारच्या वायरी पण उघडून बघा, गरम वायर शेजारणींची कवचं पण वितळवते आणि मग दोन सर्किट आतल्या आत चिकटतात.

एबीएससाठी दोन्ही बाजूंच्या सेन्सरचे जोड सोडून ओहम मोजा. साध्या दोन वायरींच्या सेन्सरला साधारण एक ते दोन हजार ओहम दिसतात, नक्की आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो पण डावा-उजवा जवळपास सारखा पाहिजे. एक ठीक आणि एक अनंत दाखवत असेल तर त्याची वायर किंवा कॉइल तुटली. दोन्ही ठीक असतील तर चाक उचलून एसी व्होल्टवर मीटर ठेवून हाताने चाक फिरवा, दोन सेकंदात एक फेरा या हिशोबाने फिरवलं तरी ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. फारच कमी असेल तर वेल्डिंगच्या ठोकाठोकीत सेन्सर मागे सरकला असेल, तो हाताने आत दाबून दातेरी रिंगला टेकवा, हातोडी वापरू नका. सेन्सर दोन्ही चांगले, वायर सलग, सप्लाय आणि अर्थ बरोबर, आणि तरी लाइट जात नसेल तर मग बॉक्सचा फॉल्ट कोड वाचून घ्या. बॉक्स बदलायचा निर्णय सगळ्यात शेवटी.

आणि एक हात जोडून सांगतो, वायरींचं इन्सुलेशन तपासायला कोणी मेगर काढला तर बॉक्स, सेन्सर, एलईडी सगळं सोडवल्याशिवाय लावू देऊ नका. मेगर ५०० व्होल्ट सोडतो. वेल्डिंगमधून जे वाचलं असेल ते त्यात जाईल.

वेल्डरशी भांडून काही हाती लागणार नाही. त्याला ती जळलेली रिंग दाखवा आणि क्लॅम्प कुठे लावला होता एवढंच विचारा, पुढच्या गाडीच्या वेळी तो स्वतःच सावध राहील.

प्रश्न : बॅटरीला लावायचं सर्ज प्रोटेक्टर मिळतं, वेल्डिंगच्या आधी दोन चिमटे बॅटरीच्या टर्मिनलला लावायचे. ते लावलं तर बाकी काही काढायला नको असं ऐकलं, खरं का?

उत्तर : नाही. ते उपकरण बॅटरीच्या दोन टर्मिनलमधे व्होल्टेजचा झटका आला तर तो दाबतं, आणि जिथे बॅटरी सोडवणं खरंच अवघड आहे तिथे जरूर लावा. पण चासीमधून फिरणारा करंट दिव्याच्या अर्थच्या वायरीने किंवा सेन्सरच्या वायरीने चालला असेल तर तिकडे ते काय करणार, ते तर बॅटरीवर बसलंय. प्लग काढायला पंधरा मिनिटं लागतात.

प्रश्न : आमच्या ट्रेलरचं मेन वायरिंग चासीच्या बॉक्स पाइपच्या आतून गेलंय आणि नेमकं त्याच पाइपला बाहेरून प्लेट मारायची आहे. वायरिंग बाहेर काढलं तर परत घालता येईल का याची धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती वाटली तरी बाहेर काढाच. इथे प्रश्न करंटचा नाहीच, उष्णतेचा आहे. तीन-चार एमएमच्या पाइपला बाहेरून वेल्ड केलं की आतली भिंत लालबुंद होते, आणि वायरीचं पीव्हीसी शंभर-सव्वाशे डिग्रीलाच मऊ पडायला लागतं. बाहेरून तुम्हाला काही दिसणार नाही, आत वायरी वितळून पाइपला चिकटलेल्या असतील आणि मग त्या कधीच ओढून निघणार नाहीत.

काढायची पद्धत सोपी आहे. एका टोकाचे प्लग आणि जोड सोडा (सोडण्याआधी फोटो काढा, वायरींना कागदी टेपवर नंबर टाका), त्या टोकाला पाइपच्या लांबीच्या दुप्पट मजबूत दोरी बांधून वर टेप गुंडाळा, जोडाची गाठ निमुळती ठेवा, आणि दुसऱ्या टोकाने वायरिंग हळूहळू ओढा. वायरिंग बाहेर येईल आणि त्याच्या जागी दोरी पाइपमधे राहील. आता वेल्डिंगमधे ही दोरी जळणार, म्हणून दोरीच्या मागे बारीक लोखंडी तार बांधून तीही ओढून घ्या आणि वेल्डिंग चालू असताना आत फक्त तार ठेवा. काम थंड झालं की तारेने दोरी, दोरीने वायरिंग परत. पूर्ण काढायची गरज नसते, वेल्डच्या जागेपासून दोन्ही बाजूंना हात-दीड हात पाइप रिकामा झाला तरी चालतं. परत घालण्याआधी आत हवा मारा आणि पाइपच्या तोंडांना रबरी ग्रोमेट आहेत का बघा, आतल्या बाजूला वेल्डचा थेंब टोकदार होऊन थिजलेला असेल तर तो वायर कापतो. आत हात जात नसेल तर जुन्या चिंधीचा बोळा दोरीला बांधून एकदा आरपार ओढून बघा, बोळा कुठे अडकला तर तिथे टोक आहे असं समजा आणि आधी ते घासून काढा.

बॉक्स पाइप दोन्हीकडून बंद असेल तर त्याला आधी एक छोटं भोक पाडा, तापलेली हवा कोंडून राहायला नको.

प्रश्न : टिग, मिग आणि साधं रॉडचं वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्ससाठी सगळ्यात सुरक्षित कुठलं?

उत्तर : तिन्हीला तयारी तीच. फरक सांगायचा तर टिगमधे हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असेल तर जपा, आर्क पेटवायला ती मशिन क्षणभर हजारो व्होल्टची हाय फ्रिक्वेन्सी सोडते आणि ती वायरींमधे न टेकताही शिरते. अॅल्युमिनियमच्या बॉडीवर एसी टिग करताना तर ती जास्तच वापरली जाते. अशा वेळी जवळपासचे प्लग काढले एवढ्यावर थांबू नका, ट्रेलरवरचं जे काही इलेक्ट्रॉनिक आहे ते सगळं सोडवा, ट्रॅकर, टायर प्रेशरचा रिसीव्हर, थंडीच्या युनिटचा कंट्रोलर असेल तर तोही. मशिनमधे लिफ्ट स्टार्ट (टोक टेकवून उचललं की आर्क पेटते) असेल आणि काम लोखंडाचं असेल तर ते निवडा. आणि तिन्हीमधे एक सवय लावा, होल्डरची केबल आणि अर्थची केबल जोडीने शेजारी शेजारी न्यायच्या, एक ट्रेलरच्या डावीकडून आणि एक उजवीकडून अशी नाही, कारण मधे जेवढं मोठं वेटोळं होईल तेवढा झटका त्यात अडकलेल्या वायरींना जास्त बसतो. केबल वायरिंगवर टाकून तर कधीच ठेवू नका.

प्रश्न : रस्त्यात ट्रेलर भरलेला असताना ब्रॅकेट तुटला तर? माल भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवता येत नाही, जागाही नसते.

उत्तर : पहिलं उत्तर हे की वेल्डिंग टाळता येतं का बघा. मडगार्डचा किंवा दिव्याचा ब्रॅकेट असेल तर तार, पट्टा किंवा नट-बोल्टने आवळून मुक्कामापर्यंत जाता येतं. चासी, ड्रॉबार किंवा कपलिंगच तुटलं असेल तर भरलेल्या ट्रेलरवर रस्त्याच्या कडेला वेल्ड मारून पुढे जाऊ नका, माल उतरवल्याशिवाय ते काम होत नाही. आणि मालात पेटणारं काही असेल, किंवा ट्रेलर टँकर असेल, भरलेला किंवा रिकामा, तर वेल्डिंग मशिन जवळ आणूच नका.

यातलं काहीच नसेल आणि करावंच लागलं, तर गाडीचं इंजिन बंद, चावी बाहेर, दिव्यांचा आणि एबीएसचा दोन्ही प्लग काढलेले, पुढच्या गाडीची बॅटरी सोडवलेली, कारण कपलिंगमधून लोखंड जोडलेलंच राहणार आहे. गाडीच्या कंपनीने बॅटरी काढण्याआधी किती वेळ थांबायचं हे मॅन्युअलमधे दिलेलं असतं, तेवढं थांबा, काही गाड्यांचे बॉक्स चावी काढल्यावरही थोडा वेळ जागे असतात. क्लॅम्प त्या ब्रॅकेटच्या बुडाशी, घासलेल्या लोखंडावर. एकजण फायर एक्स्टिंग्विशर घेऊन नुसता बघत उभा, आणि काम झाल्यावर किमान अर्धा तास तिथून हलायचं नाही, लाकडी फळीत किंवा ताडपत्रीच्या घडीत अडकलेली ठिणगी लगेच धूर देत नाही.

मग जोडताना उलटा क्रम, लोखंड हाताला थंड लागल्यावर आधी बॉक्स आणि सेन्सर, मग दिवे, मग बॅटरीची पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह, आणि त्यानंतर गाडीचे प्लग. काढलेला प्रत्येक प्लग आधीच कागदावर लिहून ठेवलेला असेल तर जोडताना एकेक खोडत जा. ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग एकेक करून लावून बघा, एबीएसची लाइट लागून विझते का बघा, आणि ब्रेकअवे असेल तर त्याची पिन ओढून ब्रेक धरतो का तपासून मगच गाडी हलवा.